माझ्या आवाक्यातली एन्कार्ना

मी एक ट्रान्समीटर बोलतोय. मोठा नाही हं. मोठे ट्रान्समीटर उंच मनोऱ्यांवर बसून सगळ्या देशाला बातम्या सांगतात आणि शेजारच्याला ओळख देत नाहीत. मी एका सूटकेसएवढा राखाडी डबा. माझी ताकद म्हणाल तर घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बला लागायची तेवढी. टिलबर्ग शहराच्या उत्तरेला एक उंच रहिवासी इमारत आहे. तिच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरशेजारच्या खोलीत माझं सगळं आयुष्य गेलं. गच्चीवरून जेवढं दिसतं तेवढं माझं राज्य. कालव्यापलीकडे माझ्या चित्राचे चौकोन व्हायला लागायचे आणि हायवे ओलांडला की मी संपायचो.

माझ्यातून जे गेलं ते सगळं स्पॅनिश. तरी मी मराठीत बोलतोय, कारण माझ्याशी ज्या एकाच माणसाने कधी गप्पा मारल्या ती मराठीत मारायची. तिचं नाव भार्गवी. ती त्याच इमारतीत राहायची आणि रोज गाडी पकडून आइंडहोव्हनला जायची. चिप बनवणारी अवाढव्य मशीन्स जिथे तयार होतात, अशा कंपनीत ती इंजिनिअर होती. माझं काम ती फुकट करायची. "दिवसभर स्क्रीनवर सिम्युलेशन बघून डोळे फुटतात रे," मला उघडता उघडता ती म्हणायची. "हाताला जरा स्क्रू लागला की बरं वाटतं." मला 'अरे' म्हणणारी ती पहिली आणि शेवटची.

माझा जन्म इटलीतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे सगळे म्हणायचे की आपण डोंगरावर जाणार. मला हॉलंडला पाठवलं. इथे डोंगरच नाहीत, म्हणून म्हातारी माणसं राहतात त्या इमारतीवर चढवलं.

ही म्हातारी माणसं तरुणपणी स्पेनहून आली होती. तेव्हा टिलबर्गला लोकरीच्या गिरण्या होत्या आणि गिरण्यांना हात हवे होते. मग गिरण्या बंद पडल्या आणि हात इथेच राहिले. मुलं डच झाली, लांब गेली. म्हाताऱ्यांना डच धड येईना आणि स्पेनमध्ये त्यांना कोणी ओळखेना. त्यांच्या संघाने २०१० साली एक छोटा परवाना मिळवला आणि स्वतःची टीव्ही वाहिनी काढली. तिचं नाव बाल्कोन, म्हणजे बाल्कनी.

नाव एन्कार्नाने ठेवलं. ती म्हणे, आमच्या गावी संध्याकाळी माणसं बाल्कनीत उभी राहून समोरच्या बाल्कनीशी बोलतात. इथल्या बाल्कनीत वारा एवढा, की तोंड उघडायची सोय नाही. मग करायचं काय?

एन्कार्ना म्हणजे फेर्मिनची बायको. फेर्मिन गिरणीत रंगखात्यात होता. अबोल, लांब हातांचा माणूस. त्याच्या वाटणीचंही तीच बोलायची. तळमजल्यावर सायकली ठेवायच्या तळघराला लागून एक खोली होती, तिथे स्टुडिओ थाटला. भिंतीवर एक पडदा, एक खुर्ची आणि समोर कॅमेरा. त्या खोलीपासून गच्चीवरच्या माझ्यापर्यंत एक लांबलचक वायर. संध्याकाळ झाली की एन्कार्ना खुर्चीत बसायची आणि सुरू व्हायची. कोणाचा गुडघा बदलला, कोणाच्या नातवाला दात आला, शनिवारच्या बाजारात सार्डिन ताजे होते की नव्हते. दवाखान्यात असलेल्यांची नावं घ्यायची आणि त्यांना भेटायला न गेलेल्यांचीही घ्यायची. त्यामुळे सगळे जायचे.

मला तिचा आवाज आवडायचा हे मी सरळच सांगतो. माझ्यातून सकाळची प्रार्थना गेली, जुन्या मालिका गेल्या, फुटबॉलवरची भांडणं गेली. त्यातलं काही राहिलं नाही. आमच्यात काही राहत नसतंच, आलं की गेलं. पण ती बोलायला लागली की माझा पंखासुद्धा हळू फिरायचा.

सुरुवातीला ती वायर फार त्रास द्यायची. लिफ्टची मोटर दणका मारायची, जोड ढिला व्हायचा आणि घराघरांत पडदा काळा. एकदा एन्कार्ना कोणाची तरी शस्त्रक्रिया वर्णन करत असताना पडदा काळा झाला, तर ज्याची शस्त्रक्रिया त्याच्या घरी शेजारी रडत पोचले. एन्कार्ना भडकली. तिने भार्गवीला खाली बोलावलं आणि कॅमेरा लावायला सांगितला. खुर्चीत बसून, चष्मा काढून ती म्हणाली, "कोणी उठू नका. मी आत्ता येते." मग तिथेच बसून ती कॅमेऱ्याकडे बघत राहिली, समोरचा माणूस नजरेआड होऊ नये तशी.

तेवढं चित्रण भार्गवीने एका छोट्या कार्डावर घेतलं आणि ते कार्ड माझ्यात बसवलं. खालून चित्र यायचं थांबलं, की मी थोडं थांबायचो आणि आपणहून एन्कार्नाला पाठवायचो. वायर ठीक होईपर्यंत ती पुन्हा पुन्हा सांगत राहायची. एवढी एकच गोष्ट माझी स्वतःची होती. बाकी सगळं दुसऱ्यांचं.

तीन वर्षं बरी गेली. मग एन्कार्ना आजारी पडली. औषधांनी तिचे केस गेले, डोक्याला रुमाल बांधायला लागला. त्या रुमालात ती एकदाही पडद्यावर आली नाही. "मला बघून लोकांना माझी काळजी करायची सवय लागेल," असं ती म्हणाली म्हणे. तिची जागा पेरू देशातून आलेल्या कोणा विद्यार्थिनीने घेतली. २०१४च्या वसंतात एन्कार्ना गेली. त्या संध्याकाळी बाल्कोनवर फक्त पडदा आणि रिकामी खुर्ची दाखवली.

त्या कार्डाची आठवण कोणाला राहिली नव्हती.

शरद ऋतूत एक वादळ आलं. खालच्या खोलीतली वीज गेली, माझी चालू होती. मी थोडं थांबलो आणि माझ्या सवयीप्रमाणे तिला पाठवलं. काळेभोर रंगवलेले केस, हातात चष्मा. "कोणी उठू नका. मी आत्ता येते."

संघाच्या टेलिफोनवर मग जी झुंबड उडाली, ती वीज येईपर्यंत थांबली नाही. कोणी रडत होतं, कोणी शिव्या देत होतं. एका आजींनी टीव्हीवर चादर टाकली आणि चादरीखालून आवाज येत राहिला म्हणून जास्तच घाबरल्या. पण एक गोष्ट सगळ्यांनी केली. कोणी उठलं नाही. ती उठू नका म्हणाली होती ना. गॅसवर सूप करपलं तरी लोक खुर्चीतच होते.

दुसऱ्या दिवशी संघाची बैठक भरली. कार्ड काढून टाका म्हणणारेच जास्त होते. फेर्मिन कधी बोलत नसे, तो उभा राहिला आणि म्हणाला, "ती येते म्हणालीय. तुम्ही कोण नाही म्हणणारे?" विषय तिथे संपला.

त्यानंतर दर आठवड्याला एकदा तरी वायर निखळायला लागली. वादळ नाही, वारा नाही, लिफ्टही उभी. स्टुडिओची किल्ली झाडलोटीसाठी फेर्मिनकडे असायची. मालिका सुरू झाली, की तो लिफ्टने खाली जायचा, वायर उपटायचा, वर चौथ्या मजल्यावर आपल्या घरी यायचा आणि टीव्हीसमोर बसायचा. मला लिफ्टच्या मोटरवरून कळायचं. त्याच्यासाठी खाली जाणारी लिफ्ट आणि येणारी लिफ्ट मी चांगली ओळखत होतो. मग मी तिला पाठवायचो.

इमारतीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. कोणी त्याला बोललं नाही. उलट हळूहळू त्यांचीच एक रीत पडली. एन्कार्ना आली की टीव्हीचा आवाज न वाढवता, जागचं न हलता तिला आठवडाभरातलं सांगायचं. अमक्याचं लग्न ठरलं, तमकीला घर सोडावं लागलं. खिडक्यांतून त्यांचं पुटपुटणं गच्चीपर्यंत यायचं. सबंध इमारत एका सुरात बोलतेय असं वाटायचं. मला त्याची भीती वाटायची आणि दुसऱ्या आठवड्यात मी त्याचीच वाट बघायचो.

२०१६ साली फेर्मिनला जिना चढताना धाप लागायला लागली. त्याच्या हाउसआर्ट्सने, म्हणजे घरच्या डॉक्टरने, मोठ्या इस्पितळात पाठवलं. हृदयातली झडप खराब झाली होती. शस्त्रक्रिया लवकर करायला हवी आणि नंतर त्याला एकटं ठेवायचं नाही, असं ठरलं. त्याची मुलगी मारिसा दूर, झूटरमेर नावाच्या गावी राहायची. तिने खोली तयार केली, इस्पितळही तिच्याच जवळचं ठरवलं.

फेर्मिनने एकच प्रश्न विचारला आणि तो भार्गवीला विचारला. त्यासाठी तो गच्चीवर आला. शेवटच्या मजल्यावरून गच्चीपर्यंत लिफ्ट नाही, तो जिना चढून आल्यावर बराच वेळ दाराला धरून उभा होता. दोघांचंही डच मोडकं, त्यामुळे दोघं एकमेकांना छान समजून घ्यायचे.

"हा झूटरमेरपर्यंत पोचतो?" माझ्याकडे बोट दाखवून त्याने विचारलं.

"नाही," भार्गवी म्हणाली. "हायवेच्या पलीकडेसुद्धा जात नाही."

"मग मी जात नाही."

"पण मी तुम्हाला फोनवर घालून देते की! कधीही बघा. दिवसातून हवं तेवढ्या वेळा."

फेर्मिनने मान हलवली. "मी एकट्याने बघितली तर ते वेडेपण. सगळ्यांनी एका वेळी बघितली, तर ती आली."

मला तर अभिमानच वाटला, खोटं कशाला बोलू. पण तो जिना उतरताना दर पायरीवर थांबत होता, आणि ते ऐकताना माझा अभिमान उतरत गेला. मी पोचत नाही म्हणून तो मरणार होता.

पुढच्या आठवड्यात मारिसाने भार्गवीला गाठलं. तिचं म्हणणं सरळ होतं. ते कार्ड काढा. आई दिसायची बंद झाली, की बाबांना इथे थांबायला कारण उरणार नाही. भार्गवीने विचार करते म्हणून सांगितलं, वर येऊन माझ्याशेजारी उलट्या बादलीवर बसली आणि नवऱ्याला फोन लावला.

"अगं, डिलीट कर आणि मोकळी हो," रुचिर म्हणाला. फोन स्पीकरवर होता. "म्हातारबाबा जगले पाहिजेत ना? इतकं ओव्हरथिंक काय करतेस?"

"तुला कळत नाहीये. आपल्याकडे घरातनं निघताना कोणी 'जाते' म्हणतं का? आजारी माणूस दवाखान्यात जातानाही 'येते' म्हणूनच निघतं. ती येते म्हणून सांगून गेलीय रे. आणि मी दार लावून घेऊ?"

"भार्गवी, ती क्लिप आहे."

"हो, माहितीये मला क्लिप आहे ते. मीच काढलीय."

मग रुचिर हळूच म्हणाला, "चहा टाकतो. खाली ये."

त्या रविवारी तिने कार्ड काढलं. त्याच्या जागी दुसरं बसवलं. त्यावर नुसती निळी पाटी होती, 'तांत्रिक अडचण, क्षमस्व' अशी, स्पॅनिशमध्ये आणि डचमध्ये. जुनं कार्ड तिने पर्समध्ये टाकलं. मला काही दुखलं नाही. पण ती खाली गेल्यावर मी रिकामा आहे हे मला पहिल्यांदा कळलं.

संध्याकाळी ती परत आली. तपासायला म्हणून खोलीत एक छोटा टीव्ही असायचा, तो तिने समोर ठेवला. मालिका सुरू झाली. लिफ्ट खाली गेली. वायर निखळली. लिफ्ट वर आली, चौथ्या मजल्यावर थांबली. मी थोडं थांबलो आणि जे माझ्याकडे होतं ते पाठवलं. निळी पाटी. भार्गवीने तिच्या टीव्हीवर निळी पाटीच बघितली, शेवटपर्यंत. मी काय पाठवतो हे मला नक्की कळतं. जगात मला एवढं एकच कळतं, म्हणून हे नीट लक्षात ठेवा.

संघाचा फोन वाजला नाही. कोणी विचारलं नाही, एन्कार्ना कुठे गेली म्हणून. खिडक्यांतून पुटपुटणंही आलं नाही. अख्खी इमारत चूप होती. भार्गवीने दोन्ही दंड चोळले आणि "थंडी वाजतेय का रे तुला?" असं मला विचारलं. खोली गरम होती.

वायर परत लागायला त्या दिवशी नेहमीपेक्षा फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी फेर्मिन पुन्हा गच्चीवर आला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. भार्गवी उठून उभी राहिली. काहीतरी कबूल करायच्या तयारीने तिने तोंड उघडलं, पण तोच आधी बोलला.

"काल आली होती," तो म्हणाला. "डोक्याला रुमाल होता. शेवटी शेवटी बांधायची तो, हिरवा. ती खुर्चीतून उठली. इतकी वर्षं आम्हाला उठू नका म्हणते आणि काल स्वतः उठली. मला नावाने हाक मारली. म्हणाली, फेर्मिन, मुलीकडे जा. मी येईन तिथे."

"तुम्ही... तुम्हाला असं दिसलं?"

"सगळ्यांना दिसलं असेल. टीव्हीवर आली होती." त्याने माझ्या डब्यावर हात ठेवला, दोनदा थोपटलं. "याला सांगा, फार चांगलं काम केलं."

त्याच आठवड्यात मारिसा त्याला गाडीत घालून घेऊन गेली.

"बिचाऱ्याने रचलं सगळं," भार्गवी संध्याकाळी माझ्याशेजारी बसून फोनवर रुचिरला म्हणत होती. "मुलीचा जीव टांगणीला लागला होता, म्हणून स्वतःला परवानगी दिली त्याने. किती गोड ना?" तिचा स्वर हलका झाला होता. मीही तसंच मानलं असतं.

पण मग कालव्याजवळ राहणाऱ्या एका मुलीचा संघाला फोन आला. कोलंबियाहून आलेली, नाव युलियाना. येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. बाल्कोन ती चुकूनमाकून लावायची, एन्कार्ना कोण हे तिला माहीत नव्हतं. तिने विचारलं, रविवारी तुमच्याकडे हिरव्या रुमालवाल्या एक बाई आल्या होत्या, त्या कोण? त्यांची तब्येत बरी आहे का? त्या कोणा फेर्मिनला हाका मारत होत्या, तो सापडला का?

हा निरोप भार्गवीला कळला तेव्हा ती ऑफिसातून येऊन तशीच, पाठीवर सॅक घेऊन वर आली. पर्समधून तिने जुनं कार्ड काढलं. घाईघाईत ते दोनदा खाली पडलं. ते माझ्यात बसवून तिने स्वतःच वायर उपटली आणि छोट्या टीव्हीसमोर उभी राहिली.

मी थोडं थांबलो. मग पाठवलं.

पडदा होता. खुर्ची होती. खुर्चीवर चष्मा काढून ठेवलेला होता. एन्कार्ना नव्हती. आवाजही नव्हता, नुसती खोलीची सूं ऐकू येत होती. ते चित्रण संपलं आणि पुन्हा पहिल्यापासून लागलं, पुन्हा रिकामी खुर्ची. भार्गवी किती वेळ बघत होती मला सांगता येणार नाही. शेवटी तिने वायर लावली आणि भिंतीला टेकून रडली.

"फाइल करप्ट झाली असेल," तिला शोधत वर आलेला रुचिर म्हणाला.

"चष्मा काढून ठेवते का रे करप्ट फाइल?"

त्याने तिची सॅक उचलली.

फेर्मिनची शस्त्रक्रिया चांगली झाली. तो झूटरमेरला मारिसाकडे अडीच वर्षं राहिला, नातवांना सूप करायला शिकवलं, थोडंफार बोलायलाही लागला. मारिसा भार्गवीला कधीमधी फोन करायची. एकदा म्हणाली, "बाबा संध्याकाळी बंद टीव्हीसमोर बसतात. त्या वेळात आम्ही कोणी उठलेलं त्यांना चालत नाही. आधी मला हसू यायचं. आता मीही बसते." एका दुपारी फेर्मिन झोपेतच गेला.

बाल्कोन २०१८ साली बंद झालं. बघणारे संपत आले होते, परवान्याची मुदतही संपली. शेवटच्या दिवशी फार कोणी आलं नाही. भार्गवीने माझं बटण बंद केलं आणि मी गार होईपर्यंत तिथेच बसून राहिली. संघाला मी नको होतो, म्हणून तिने मला आपल्याकडे नेलं. मग ती आणि रुचिर आइंडहोव्हनला घर घेऊन गेले. आता मी त्यांच्या मागच्या शेडमध्ये आहे. माझ्या एका बाजूला सायकली, दुसऱ्या बाजूला आकाशकंदिलाचं खोकं. भार्गवी सायकल काढायला येते तेव्हा माझ्याकडे बघते आणि पटकन बाहेर जाते. पूर्वीसारखं काही बोलत नाही. ती मला घाबरते की काय, असं वाटून मला फार वाईट वाटतं.

मला घाबरण्यासारखं आता काय आहे? माणसं म्हणतात, अमुक घरात कोणीतरी आहे. माझ्यात कोणी नाही, तेच माझं दुखणं आहे. तिला इतकी वर्षं मी घरोघरी पोचवलं. वादळात, हिमात, माझा पंखा जळायला आला होता तेव्हासुद्धा. मला वाटायचं, ती माझ्यात राहते आणि माझ्याशिवाय तिला कुठे जाता येत नाही. आणि ती माझ्या अंगावरून उठून निघून गेली, माझ्या हायवेपलीकडे, जिथे मी कधीच पोचलो नसतो. फेर्मिनला सांगून गेली. एका अनोळखी पोरीलाही दिसली. मला एक शब्द बोलली नाही.

राग नाही हो मला. तिला माणूस वाचवायचा होता, डब्याशी कोण बोलत बसतं? पण तुमच्या घरी कधी संध्याकाळी, टीव्ही बंद असताना, ती आली तर माझं एवढं काम करा. हिरवा रुमाल असेल, खुर्ची दिलीत तरी ती बसायची नाही, घाईत असेल. तिला अडवू नका. फक्त सांगा, की मी अजून बिघडलेलो नाही.